कंपोस्टेबल पिशवी घेताय? आधी ती कुठे कुजणार ते ठरवा

मी नाशिकला घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, आणि दिवाळी सोडून बाकीच्या महिन्यांत मोड आलेली मटकी, निवडलेली मेथी, सोललेला लसूण असं आसपासच्या सोसायट्यांमध्ये देते. प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायच्या हे ठरवून मला चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत मी कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजून जाणाऱ्या, पिशव्यांवर बराच पैसा घातला, त्यातला पहिल्या वर्षाचा जवळजवळ सगळा वाया गेला. एका होलसेलवाल्याकडून हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या, 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेल्या पिशव्या आणल्या, त्यात पातळ पोह्यांचा चिवडा भरला, आठव्या दिवशी फोन सुरू झाले की चिवडा सादळलाय. आणि त्याच पिशव्या मी गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये टाकल्या होत्या त्या सहा महिन्यांनी जशाच्या तशा निघाल्या, फक्त पानाचं चित्र पुसट झालेलं. म्हणजे पदार्थ टिकवण्याचं काम त्या पिशवीने केलं नाही आणि कुजण्याचंही नाही.

घरगुती उद्योग करणाऱ्या, बचत गटातल्या, छोटं दुकान चालवणाऱ्या कुणालाही याच्यात उतरायचं असेल तर मी ज्या क्रमाने जायला हवं होतं तो क्रम खाली लिहितेय. थोडं मोठं आहे पण पूर्ण वाचा, कारण मधली एखादी पायरी सोडली की पैसे जातात.

सुरुवात शेवटापासून

पिशवीचा रंग, जाडी, भाव हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा की गिऱ्हाईकाने पाकीट फोडलं, मटकी भांड्यात काढली, आता रिकामी पिशवी कुठे जाणार? याची खरी उत्तरं चारच असतात. एक, घरातल्या किंवा सोसायटीच्या खतात. दोन, घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात. तीन, सुक्या कचऱ्यात. चार, रस्त्यावर किंवा नाल्यात.

सुक्या कचऱ्यात गेली तर ती भंगारात प्लास्टिक वेगळं करणाऱ्या ताईंच्या हातात पडते, त्यांना ती साध्या प्लास्टिकसारखीच दिसते, आणि चुकून रिसायकलिंगच्या मालात मिसळली तर तो माल बिघडवते. ओल्या कचऱ्यात गेली तर पुढे काय होतं ते तुमच्या शहराच्या प्रकल्पावर आहे. खत करणारा प्रकल्प असेल तर ठीक, बायोगॅसचा असेल तर तिथे कचरा थोडेच दिवस राहतो, तेवढ्यात ही फिल्म, म्हणजे पिशवीचा पातळ पापुद्रा, कुजत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती आधीच उपसून बाजूला टाकतात. कचरा डेपोच्या ढिगात गाडली गेली तर खाली हवा नसते, तिथे काही कुजलंच तर मिथेन तयार होतो. आणि नाल्यात गेली तर कंपोस्टेबल असूनही ती पुष्कळ काळ पिशवीच राहते, कारण कुजायला जी ऊब आणि जे जिवाणू लागतात ते तिथे नसतात.

म्हणजे चारातला एकच शेवट खात्रीचा आहे, खताचा खड्डा. म्हणून मी पिशवीवाल्याला फोन करायच्या आधी माझ्या गिऱ्हाईकांची यादी घेऊन बसले आणि कोणाच्या सोसायटीत खत होतं ते एकेकाला विचारलं. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांवर आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी आहे, त्यामुळे जरा मोठ्या सोसायट्यांत खड्डा किंवा ड्रम असतोच, चालू आहे का बंद पडलाय ते मात्र माळीकाकांनाच विचारायला लागतं. जिथे खत चालू आहे किंवा रिकामी पिशवी परत मिळते तिथेच या पिशव्या द्यायच्या, बाकीच्यांना स्टीलचा डबा किंवा कागद. हे एकदा ठरलं की पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

तीन शब्द, तीन वेगळे अर्थ

बाजारात वनस्पतीजन्य, बायोडिग्रेडेबल आणि कंपोस्टेबल हे तिन्ही शब्द एकच असल्यासारखे वापरतात. तसं नाहीये.

वनस्पतीजन्य म्हणजे कच्चा माल झाडापासून आला, एवढंच. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन बनवते, ते शंभर टक्के उसाचं असलं तरी शेवटी पॉलिथीनच, ते कुजत नाही. याच्या बरोबर उलटं उदाहरण पीबीएटी नावाच्या मऊ प्लास्टिकचं. हे पेट्रोलियमपासून बनतं पण खतात जिवाणू ते खाऊन टाकतात. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मऊ कंपोस्टेबल कॅरीबॅगांमध्ये हेच पीबीएटी, त्यात मक्याचा स्टार्च किंवा पीएलए (साखरेपासून बनणारं प्लास्टिक, पुढे सांगते) मिसळलेलं. म्हणजे 'मक्याची पिशवी' म्हणून घेतो त्यात मका थोडा आणि पेट्रोलियम बरंच असं असू शकतं, तरी ती कंपोस्टेबल असते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं, नंतर पटलं की खड्ड्यातल्या जिवाणूंना माल कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही, त्याच्या रेणूंची साखळी तोडता येते का एवढंच त्यांच्या कामाचं.

बायोडिग्रेडेबल हा सगळ्यात ढिला शब्द. किती दिवसांत, कुठल्या तापमानाला, काहीच सांगत नाही. यातच 'ऑक्सो' नावाचा प्रकार येतो, साध्या प्लास्टिकमध्ये रसायन घालतात आणि ते उन्हात ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात. डोळ्याला पिशवी गेली असं वाटतं, पण प्लास्टिक बारीक होऊन मातीतच असतं. हे अजिबात घेऊ नका.

कंपोस्टेबल या शब्दाला मात्र मोजमाप आहे. आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक. थोडक्यात, ५८ अंशांच्या आसपासच्या खतात १८० दिवसांत निदान ९० टक्के कार्बन हवेत गेला पाहिजे, १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे उरता कामा नयेत, आणि त्या खतात बी नीट उगवलं पाहिजे. यातला ५८ अंश हा आकडा लक्षात ठेवा. हे मोठ्या ढिगाचं तापमान आहे, गच्चीवरच्या ड्रमचं नाही. घरच्या खतात कुजेल अशी पिशवी हवी असेल तर वेगळं प्रमाणपत्र बघायचं, 'ओके कंपोस्ट होम' सारखं, त्याची चाचणी २० ते ३० अंशांना होते आणि वर्षभराची मुदत असते.

कुठली फिल्म कशाला

पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड आणि त्यापासून हे. चकचकीत, पारदर्शक, हातात कुरकुर आवाज करणारं. ५५-६० अंशांच्या पुढे मऊ पडतं, म्हणून मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचं नाही आणि गरम पदार्थ भरायचा नाही. नुसतं पीएलए घरच्या खतात जवळजवळ कुजत नाही, मोठा गरम ढीगच लागतो. आपल्याकडे ऊस मुबलक, त्यामुळे हे इथे बनायला लागलं तर शेतकऱ्यालाही फायदा, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला त्याचं प्रात्यक्षिक युनिट सुरू केलंय, मला त्याची फार उत्सुकता आहे.

स्टार्च आणि पीबीएटीचं मिश्रण. मऊ, थोडं दुधी, हाताला पीठ लावल्यासारखं लागतं. ताणलं तर बऱ्यापैकी ताणतं. पाण्याची वाफ याच्यातून आरपार जाते. कचऱ्याच्या पिशव्या, भाजीच्या पिशव्या यातल्याच असतात, आणि घरच्या खतात कुजायची सगळ्यात जास्त शक्यता यांचीच.

सेल्युलोज फिल्म, म्हणजे खरं सेलोफेन. हे लाकडाच्या लगद्यापासून. जाक ब्रांडेनबर्गर या स्विस माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शोधलं, पण त्या सेलोफेनमधून ओलावा आत जायचा, मग १९२७ मध्ये ड्युपाँ कंपनीत त्याच्यावर लॅकरचा पातळ थर द्यायची युक्ती निघाली आणि तेव्हापासून ते ओलाव्याने बिघडणाऱ्या खाऊलाही वापरता यायला लागलं. ही जुनी गोष्ट अशासाठी सांगतेय की आजही सेल्युलोज फिल्म घेताना सगळा प्रश्न त्या थराचाच असतो. थर नसेल तर चिवडा सादळतो, थर चुकीच्या प्लास्टिकचा असेल तर फिल्म कुजत नाही. जपानच्या फुतामुरा कंपनीची नेचरफ्लेक्स ही कुजणाऱ्या थराची फिल्म आहे, महाग आहे, पण कोरड्या पदार्थाला मी वापरलेल्यांत तीच सगळ्यात बरी वाटली. आणि स्टेशनरीच्या दुकानात ज्याला आपण जिलेटीन पेपर म्हणतो तो म्हणजे हेच असं समजू नका, हल्ली तो बहुतेक साधं पॉलिप्रोपिलीन असतो.

कागद मागा, लाजू नका

विक्रेत्याकडून ऑर्डरच्या आधी हे घ्या. एक, सीपीसीबीचं म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कंपोस्टेबल प्लास्टिकचं प्रमाणपत्र. हे बनवणाऱ्याला घ्यावंच लागतं, त्यावर नंबर असतो, आणि मंडळाच्या वेबसाइटवर प्रमाणपत्र दिलेल्यांची यादी असते, त्या यादीत नाव आणि नंबर दोन्ही जुळवा, नुसतं व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका. दोन, चाचणीचा रिपोर्ट, सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था) ठिकाणचा, आणि त्यावर लिहिलेली जाडी तुम्ही घेताय त्या जाडीची आहे का ते बघा, कारण २० मायक्रॉनची पास झालेली फिल्म ६० मायक्रॉनमध्ये तेवढ्याच वेळात कुजेलच असं नाही. तीन, खाण्याचं पॅक करणार असाल तर खाद्यसंपर्काचा रिपोर्ट. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. कचऱ्याच्या पिशवीचं प्रमाणपत्र दाखवून खाण्याची पिशवी विकणारे मला दोन भेटले, दोघांनाही मी नाही म्हटलं.

पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, बनवणाऱ्याचं नाव आणि प्रमाणपत्राचा नंबर छापलेला हवा, हल्ली काही ठिकाणी त्यासाठी क्यूआर कोडही असतो.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदी आहे, पहिला दंड ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. देशभरात ३१ डिसेंबर २०२२ पासून साधी कॅरीबॅग १२० मायक्रॉनच्या खाली चालत नाही, कंपोस्टेबलला ही जाडीची अट नाही. पण तपासणीला आलेल्या माणसाला तुमच्या पातळ पिशवीतला फरक डोळ्याने कळणार नाही, म्हणून प्रमाणपत्राची प्रिंट काउंटरवर, गाडीत, प्रदर्शनाच्या स्टॉलवर कायम ठेवायची.

घरी करायच्या दोन झटपट तपासण्या

पहिली पाण्याची. फिल्मचा नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत, आणि चमच्याने तुकडा तळाशी दाबून सोडून द्या. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकी, ती वर येतात. पीएलए, पीबीएटी, सेल्युलोज सगळी पाण्यापेक्षा जड, ती खालीच राहतात. तुकडा वर आला तर विक्रेत्याला सरळ विचारा की यात पॉलिथीन का आहे. बुडाला तर मात्र पास झाला असं समजू नका, पीव्हीसी आणि बाटलीचं पेटही बुडतं, खडूची पावडर भरलेलं पॉलिथीनही बुडू शकतं. म्हणजे ही तपासणी खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही. माझ्या त्या हिरव्या पानवाल्या पिशवीचा तुकडा लगेच वर आला होता, ही युक्ती आधी माहीत असती तर एका ग्लास पाण्यात काम झालं असतं.

दुसरी आयोडीनची. घरातल्या बीटाडीनचा थेंब पिशवीच्या कापलेल्या कडेवर टाका, दहा मिनिटं थांबा. निळाकाळा झाला तर स्टार्च आहे. पण साध्या प्लास्टिकमध्ये स्टार्च भरूनही विकतात, म्हणून ही तपासणी पाण्याच्या तपासणीच्या जोडीनेच करायची.

एकदा स्वतः फिल्म करून बघा

ही पायरी धंद्याला लागत नाही, पण मी प्रत्येकाला करायला सांगते, कारण पदार्थ कसा वागतो ते हाताला कळतं. कुरडया केल्या असतील तर तुम्हाला अर्धं येतंच. गव्हाचा चीक शिजवताना तो पांढऱ्याचा पारदर्शक होतो, घट्ट होतो, चमक येते, तेच इथे. स्टार्चचे दाणे गरम पाण्यात फुगतात, फुटतात, आतल्या साखळ्या मोकळ्या होतात आणि वाळताना एकमेकींत गुंतून पापुद्रा तयार होतो.

२ टेबलस्पून कॉर्नफ्लोर, १ कप गार पाणी, १ टीस्पून व्हिनेगर, १ टीस्पून ग्लिसरीन (मेडिकलमध्ये मिळतं). सगळं गार असतानाच गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर सतत ढवळत ठेवा, साधारण ७० अंशांच्या पुढे चीक होतो, चमचा उचलला की पारदर्शक तार पडते तिथे गॅस बंद. तेलाचा हात फिरवलेल्या ताटात शक्य तितका पातळ पसरा आणि सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या, कडक उन्हात ठेवला तर कडा आधी वाळून वळतात आणि मध्ये चीर पडते. ग्लिसरीनशिवाय एकदा करून बघा, पापडासारखा तडकतो. ग्लिसरीन जास्त झालं तर चिकट राहतो.

आता या फिल्मचा तुकडा पावसाळ्यात ओट्यावर ठेवा. दोन दिवसांत तो मऊ, ओलसर, कुरडई सादळते तसा होतो. नुसत्या स्टार्चची पिशवी का विकत मिळत नाही आणि त्यात पीबीएटी का घालावं लागतं याचं उत्तर त्या तुकड्यात आहे. आणि तोच तुकडा कुंडीतल्या मातीत पुरलात तर लवकरच सापडेनासा होतो, हेही बघा. पाण्याला टिकणं आणि मातीत कुजणं ही एकमेकांविरुद्ध ओढणारी दोन टोकं आहेत, प्रत्येक कंपनी या दोरीवर कुठेतरी मध्ये उभी असते. या घरच्या फिल्ममध्ये काही भरून विकू मात्र नका.

तुमच्या पदार्थाची परीक्षा

इथे घाई करू नका. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. सॅम्पलच्या प्रत्येक पिशवीत अगदी १०० ग्रॅम पदार्थ भरा, सील करा, पिशवीसकट वजन तारखेसह लिहा. तुलनेसाठी एक नेहमीची प्लास्टिकची पिशवी आणि एक घट्ट झाकणाचा डबाही ठेवा. सगळं एकाच फळीवर, स्वयंपाकघरातच, कारण गिऱ्हाईकाकडे ते तिथेच राहणार. दर दोन दिवसांनी वजन करा. कोरड्या पदार्थाचं वजन वाढलं म्हणजे हवेतला ओलावा आत गेला, ओल्या पदार्थाचं कमी झालं म्हणजे बाहेर गेला. आणि ही परीक्षा एकदा थंडीत आणि एकदा पावसाळ्यात करायची, थंडीतला निकाल जुलैत कामाला येत नाही. कोकणात किंवा गोव्यात असाल तर पावसाळ्याचीच धरून चाला.

माझा अनुभव असा. चिवडा, चकली, शंकरपाळे यांना स्टार्चची मऊ पिशवी चालत नाहीच. चिवड्याचं वजन दोनेक ग्रॅम वाढलं की माझ्या जिभेला तो मेला, आणि पावसाळ्यात त्याला आठवडाही लागत नाही. थर दिलेल्या सेल्युलोज फिल्ममध्ये बरंच जास्त टिकतो, पण भाव परवडत नाही. म्हणून चिवडा-चकलीला मी आता डबा परत घ्यायची पद्धत ठेवलीय, डब्याचे पैसे आधी घ्यायचे आणि डबा परत आला की द्यायचे. बेसनाच्या लाडवाचं वेगळं, तो ओलाव्याने इतका बिघडत नाही, हवेने तुपाला खवट वास येतो. कोरड्या हवेत सेल्युलोज फिल्म प्राणवायू चांगला अडवते, म्हणून लाडू तीत ठेवायला हरकत नाही, तरी पंधरा दिवसांच्या पुढची तारीख मी टाकत नाही.

आणि आता खरी गंमत बघा, जो दोष चिवड्याला मारतो तोच मटकीला तारतो. मोड आलेली मटकी श्वास घेते, वाफ सोडते, साध्या प्लास्टिकमध्ये ती वाफ आतून थेंब धरते आणि दुसऱ्या दिवशी बुळबुळीतपणा, आंबूस वास. स्टार्चच्या पिशवीत वाफ बाहेर जाते. त्याच सकाळची मटकी दोन्ही पिशव्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवली, प्लास्टिकमधली तिसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागली, स्टार्चमधली चौथ्या दिवशीही उसळीला चालली. निवडलेली मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, गजरे, पूजेची सुटी फुलं, सगळ्यांना हेच लागू. फक्त फार दिवस ठेवलं तर पानं सुकतात, म्हणून चार दिवसांच्या आतला माल. मेथीच्या पिशवीचा शेवटही सोपा, त्याच घरातल्या देठांबरोबर ती खतात जाते, धुवायची गरज नाही.

या सगळ्यापेक्षाही चोख उपयोग म्हणजे ओल्या कचऱ्याच्या बादलीत लावायची पिशवी. तिथे पिशवी आणि आतला माल दोघांना एकाच खड्ड्यात जायचंय, टिकायचं फक्त एक-दोन दिवस. महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीतही रोपवाटिका, शेती आणि घनकचरा यांसाठीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना सूट होती, ती मला अगदी विचार करून दिलेली वाटते. दुकान असेल आणि कुठून सुरू करू असा प्रश्न असेल तर इथून करा.

गजरा कर्दळीच्या किंवा केळीच्या पानात बांधून मिळत असेल तर कुठलीच फिल्म नको, हेही सांगून ठेवते.

सील करताना

साधं आठ किंवा बारा इंची हँड सीलर चालतं. नेहमीच्या प्लास्टिकला जो आकडा लावता त्याच्यापेक्षा खाली सुरू करा, अगदी १ वर, आणि अर्ध्या-अर्ध्याने वाढवा. स्टार्चची फिल्म जास्त तापली की ताणून भोक पडतं, पीएलए आकसतं, सेल्युलोज पिवळं पडतं. सील झाल्यावर लगेच ओढू नका, दाबून तीन-चार सेकंद थांबा, गार होतानाच जोड धरतो. पिशवीच्या तोंडाशी बेसनाची किंवा तेलाची भुकटी असेल तर जोड धरतच नाही, कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मग पिशवी फुगवून पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा, पहिल्या वीस पिशव्यांना तरी. मटकी-मेथीच्या पिशवीला मी सील करतच नाही, सुती दोऱ्याने बांधते.

स्टिकरकडे सगळे दुर्लक्ष करतात. पिशवी कंपोस्टेबल आणि वर चकचकीत प्लास्टिकचं स्टिकर, सेलोटेप, स्टेपलची पिन, हे सगळं खतात सापडतं. कागदाचं लेबल खळीने लावा किंवा कागदाचा टॅग दोऱ्यात ओवा. एफएसएसएआय नंबर, घटक, वजन, तारीख, हिरवं चिन्ह हे सगळं त्या टॅगवर बसतं.

साठवण

ही पिशवी नाशवंत माल आहे असंच समजा. ऊब आणि ओलावा मिळाला की ती पाकिटातच सुरुवात करते, आठ-दहा महिन्यांनी घडीवर फाटायला लागते. मी एका वेळी चार महिन्यांपेक्षा जास्तीचा माल घेत नाही, जास्त घेतला तर भाव कमी पडतो हे खरं, पण फाटलेल्या पिशवीला भावच नाही. पत्र्याखाली, माळ्यावर, गिझरजवळ नको. मूळ पाकिटात, त्यावर आणल्याची तारीख, आणि झाकणाच्या डब्यात, कारण स्टार्चच्या पिशव्या माझ्याकडे झुरळांनी आणि उंदरांनी कुरतडल्यात. जुनं आधी, नवं नंतर. वापरायच्या आदल्या दिवशी एक पिशवी घडीवर दोन्ही हातांनी ओढून बघा, कागदासारखी टर्रकन फाटली तर तो गठ्ठा कचऱ्याच्या बादलीला.

कुजवून बघितल्याशिवाय विकू नका

फिल्मचे पाच सेंटिमीटरचे चौकोन कापा, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत थोड्या अर्धवट झालेल्या खताबरोबर भरा, रंगीत दोरी बांधा म्हणजे नंतर सापडेल, आणि ड्रमच्या मध्यभागी पुरा. वर किंवा कडेला नको, तिथे ऊब नसते. शेजारी तुलनेला तेवढाच वर्तमानपत्राचा तुकडा. ३०, ६०, ९० आणि १८० दिवसांनी काढून फोटो काढा. तीस दिवसांत कागद गेला आणि फिल्म तशीच असेल तर घाबरू नका. कागदही गेला नसेल तर दोष तुमच्या खतात आहे, पाणी कमी किंवा हवा कमी. मुठीत दाबल्यावर थेंब न गळता ओलसर लागलं पाहिजे. सुका पाला आणि ओला कचरा दोन्ही हवेत, आठवड्याला एकदा खालवर.

माझ्या ड्रममध्ये पातळ स्टार्चची पिशवी साधारण चार महिन्यांत हाताला लागेनाशी झाली, जोडाची कडा शेवटी गेली. पीएलएचं पारदर्शक पाकीट सहा महिन्यांनीही होतं, फक्त पांढुरकं आणि ठिसूळ. ते मग मी ओळखीच्या सोसायटीच्या मोठ्या ढिगात हलवलं. ढीग निदान एक घनमीटरचा असेल तरच आतली ऊब धरून राहते, हात घातला तर चटका बसतो इतकी, आणि पीएलएला तीच लागते.

खतात टाकताना पिशवी नेहमी फाडून टाका, अख्खी टाकली की आतला कचरा हवेवाचून सडतो. आणि एका वेळी थोड्याच, ड्रम हा कचऱ्याचा आहे, पिशव्यांचा नाही.

टॅगवर काय लिहायचं

'पर्यावरणपूरक' लिहू नका, त्याने कुणाला काही कळत नाही. मी काय करायचं ते लिहिते: 'ही पिशवी फाडून खताच्या ड्रममध्ये टाका. खत नसेल तर पिशवी मला परत द्या. सुक्या कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नका.' मी मराठी आणि हिंदी दोन्हीत छापते, कारण बऱ्याच घरांत कचरा कामाच्या मावशी टाकतात आणि ते वाचायचं त्यांना असतं. डिलिव्हरी देताना एकदा तोंडाने सांगते, पुढच्या वेळी 'पिशवी कुठे टाकलीत' असं विचारते. पहिल्या महिन्यात बहुतेकांनी सुक्यात टाकली होती. आता माझ्याकडे दर शनिवारी पंधरा-वीस पिशव्या परत येतात, मी त्या फाडून ड्रममध्ये घालते, आणि जिथल्या खतातही जात नाहीत आणि परतही येत नाहीत त्या घरी पुढच्या वेळी मटकी डब्यातून जाते.